ताटाची डावी बाजू

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या रविवारीं दुपारच्या भोजनांत मांसाचे जाड काप तव्यावर भाजून वाढावे, असें आपल्या तरुण मंडळींनीं ठरविलें आहे. यांसच इंग्रजींत स्टेक म्हणतात. पुण्या-हैदराबादेकडील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम करून आलेले आपले दोघे-तिघे मुलगे तें काम अंगावर घेण्यास तयार आहेत, व आम्हीं त्यास आनंदानें संमति दिली आहे. परंतु त्या कापांबरोबर काय वाढावयाचें, हा प्रश्न निघतांच "बाटल्या आणूं" असें उत्तर आलें. त्या उत्तरास आमची हरकत आहे. आणि आजचें हें भाषण त्या हरकतीपुरतेंच आहे. घरच्या बायांनीं तें ऐकावेंच, पण पाटा-वरवंटा हा केवळ बायांचा विषय आहे असें समजणाऱ्या पुरुषांनीं अधिक लक्ष देऊन ऐकावें.

आपल्याकडे ताट वाढण्याची एक रीत आहे. उजवीकडे भाजी, आमटी किंवा रस्सा; समोर भाकरी; आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें. डावी बाजू थोडथोडी वाढतात व तिचा हिशेब कोणी धरीत नाहीं. तथापि पाहुणा आपल्या गांवीं परत गेल्यावर बोलतो तें बहुधा तिच्याविषयींच. आतां, आपलें नेहमींचें रश्श्याचें मांस वाटणांत मुरलेलें व मसाल्यांत शिजलेलें असतें. तें आपली चव आपल्याबरोबर घेऊन येतें. स्टेकचें तसें नव्हे. त्यास मीठ व मिरीं यांपलीकडे फारसें कांहीं लावीत नाहींत. हा शब्दच मुळीं उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंतला असून, काठीस टोंचून विस्तवावर भाजलेलें, असा त्याचा भाव आहे. असें उघडें-वाघडें मांस पानांत आलें म्हणजे त्याची सारी शोभा शेजारच्या तोंडीलावण्यांवर अवलंबून राहते. म्हणजे स्टेकच्या जेवणांत डावी बाजू हीच खरी उजवी होय.

मांसाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण त्यावर पुढचें सर्व अवलंबून आहे. परदेशीं स्टेक म्हणजे बहुधा गोमांस. आपल्या राज्यांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या वधास बंदी होती, व २०१५ च्या मार्च महिन्यांत अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें ती बैल व वळू यांसही लागू झाली. कायदा पाळावयाचा, यांत चर्चेस जागा नाहीं. म्हशीवर्गाचें मांस, रीतसर दाखल्याचें, चालतें. तेंच आपण घेणार आहों, आणि ज्यांस तें नको त्यांच्याकरितां बोकडाचें असेल. म्हशीचें मांस रंगानें काळसर, चरबीनें कमी व धाग्यानें जाड असतें. तें कापतांना धाग्याच्या आडवें कापावें, अंगठ्याएवढें जाड ठेवावें, आणि कच्च्या पपईचा थोडा कीस अर्धा तास चोळून ठेवावा. पपईच्या चिकांत पपेन नांवाचें द्रव्य असतें, तें धागा सैल करतें. मात्र फार वेळ ठेविल्यास वरचा थर पिठासारखा होतो. हॉटेलांत आंतून तांबडें ठेवण्याची पद्धत असली तरी शंभर माणसांच्या पंगतींत तो प्रयोग नको. आंतपर्यंत शिजूं द्यावें, व तव्यावरून उतरल्यावर पांच मिनिटें झांकून ठेवून मगच सुरी लावावी, म्हणजे रस ताटांत वाहून जात नाहीं.

अशा कमी चरबीच्या, भाजलेल्या मांसास तीन गोष्टी पाहिजेत: झणका, आंबटपणा आणि थोडा ओलावा. ही गरज आजची नव्हे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत वल्हांडणाचें कोंकरूं विस्तवावर भाजून, बेखमीर भाकरीबरोबर व कडू भाजीबरोबर खावें अशी आज्ञा आहे. बेखमीर भाकरी म्हणजे काय हें ज्वारीच्या मुलखांत समजावून सांगण्याचें कारण नाहीं. त्या कडू भाजीच्या जागीं युरोपांतील अनेक यहुदी घराण्यांत पुढें हॉर्सरॅडिश नांवाचें एक झणझणीत मूळ किसून ठेवूं लागले, आणि इंग्रज माणूसही भाजलेल्या गोमांसाबरोबर तेंच मूळ मागतो. हिंदुस्थानांतील छावण्यांत (आणि आपली हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, हें तुम्हांस ठाऊक आहेच) तें मूळ मिळत नसे. तेव्हां साहेब लोकांनीं आपल्या शेवग्याचें मूळ किसून तशीच भूक भागविली, व त्यावरून इंग्रजींत शेवग्यास हॉर्सरॅडिशचें झाड असें नांव पडलें. हें ऐकून कोणीं परड्यांतील शेवगा खणूं नये! त्या मुळाच्या सालींत विषारी द्रव्यें असतात. शेवग्याच्या शेंगा व पाला खावा, मूळ जमिनींत राहूं द्यावें.

त्याची गरजही नाहीं, कारण तोच झणका आपल्या मोहरींत आहे. मोहरी, मुळा व तें विलायती मूळ हीं एकाच कुळांतलीं. मोहरीचा कोरडा दाणा तोंडांत धरला तर कांहींच लागत नाहीं. तो कुटून त्यावर पाणी पडलें म्हणजे आंतील दोन निरनिराळीं द्रव्यें एकमेकांस भेटतात व नाकांत जाणारा झणका उत्पन्न होतो. पाणी कढत असेल तर तो जन्मतांच मरतो. लोणच्याकरितां मोहरी फेसणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें शास्त्र पुस्तकावांचून माहीत होतें. म्हणून सांगतों तें असें: एक वाटी मोहरी बारीक कुटून थंड पाण्यानें चांगली फेसावी, दहा मिनिटें झांकून ठेवावी, आणि मग दोन लिंबांचा रस, मीठ व सुपारीएवढा गुळाचा खडा घालावा. आंबट आधीं घालूं नये. तें घातलें कीं झणका तेथेंच थांबतो, वाढत नाहीं. यांत ताजा मुळा किसून मिसळला तर साहेबाच्या चटणीस उणें पडणार नाहीं. मुळा मात्र पंगत बसतांनाच किसावा.

बाटलीची गोष्ट निघाली होती. स्टेकवर शिंपडण्याकरितां जगभर ज्या काळ्या पाण्यासारख्या सॉसची ख्याति आहे, तो वूस्टर सॉस इंग्लंडांतील वूस्टर शहरच्या ली व पेरिन्स या औषधविक्यांनीं १८३७ सालीं बाजारांत आणला. त्यांत काय असतें? सिरका, काकवी, लसूण, कांदा, मसाला, मुरलेले खारे मासे, आणि चिंच! जी चिंच आपल्या बांधावर मुलें दगड मारून पाडतात तीच. लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीच्या चिंचेस तर २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. चिंच आपली, गूळ आपला, लसूण आपला. आणि हें सर्व समुद्रापलीकडच्या चालीनें बाटलींत भरून आलें म्हणजे त्यास आपण मोठा मान देऊन दाम मोजतों, ही गंमत आहे.

हा सॉस घरीं असा होतो. गेल्या सालची काळी पडलेली चिंच पाव किलो घ्यावी. नवी चिंच याकरितां कच्ची पडते. ती एक लिटर कोमट पाण्यांत दोन तास भिजवून कोळ गाळून घ्यावा. त्यांत पाव किलो काळा गूळ, ठेचलेल्या पंधरा पाकळ्या लसूण, एक चमचा सुंठ, दहा-बारा मिरीं, पांच-सहा लवंगा, दोन सुक्या मिरच्या व दोन चमचे मीठ घालून मंद आंचेवर तिसरा हिस्सा आटवावें. उतरण्यापूर्वीं एक वाटी सिरका घालून एक उकळी आणावी. निवाल्यावर फडक्यांतून गाळून, कोरड्या काचेच्या बाटलींत आठ दिवस मुरूं द्यावें. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत हें करूं नये, आंबट कळकतें. स्टील किंवा मातीचें भांडें बरें. पंगतीकरितां याच्या पांचपट करावें लागेल, म्हणून ज्या घरीं मोठें पातेलें आहे तेथेंच हें काम जाईल.

सिरक्यावरून आठवलें. पुण्यास सेमिनरींत असतांना आमच्या मेजाखालीं बरण्यांचें एक गुप्त संस्थानच होतें. जो तो सुटींतून परततांना आपापल्या मुलखाची एकेक बरणी घेऊन येई. केरळच्या बंधूंचें गोमांसाचें लोणचें, मंगळूरच्यांची सुकी चटणी, आणि गोव्याच्या बंधूंचा ताडीच्या सिरक्यांत वाटलेला तांबडा मसाला. विंदालूचा अर्थ आम्हांस तेथें कळला. पोर्तुगीजांत व्हिन्यो म्हणजे द्राक्षारस व आल्यो म्हणजे लसूण. त्या दोहोंत मुरविलेलें मांस तें विंदालू. उत्तरेकडील हॉटेलवाल्यांनीं 'आलू' ऐकून त्यांत बटाटे टाकले, त्यास गोवेकर काय करणार? त्या बरण्यांच्या रांगेंत मराठवाड्याची बरणी क्वचितच दिसे. आपल्याकडे तोंडीलावणीं नव्हतीं म्हणून नव्हे. आणावयास आपल्या मुलांस लाज वाटे म्हणून. आम्हांस आज जें बोलावयाचें आहे त्याचें मूळ तेथें आहे.

येसूर घ्या. बाजरी, गहूं, हरभऱ्याची डाळ असें धान्य खमंग भाजून, त्यांत धने, जिरें, मिरीं, सुकें खोबरें, सुक्या मिरच्या भाजून घालून केलेलें तें पीठ आपल्या कोणत्या घरांत नव्हतें? लग्नांत येसराची आमटी, आणि मांसाच्या रश्श्यास दाटपणा आणावयास येसूर. हॉटेलांत स्टेक काढल्यावर तव्यास चिकटलेला रस पाण्यानें सोडवून, त्यांत लोण्यांत परतलेला मैदा घालून जो दाट रस करितात त्यास ग्रेव्ही म्हणतात. आतां विचार करा: मैद्यास स्वतःची चव ती काय? त्याऐवजीं तव्यावरील तो तपकिरी रस पेलाभर कढत पाण्यानें सोडवून, त्यांत एक चमचा येसूर थंड पाण्यांत कालवून सोडावा, दोन उकळ्या येऊं द्याव्या, वर लिंबू पिळावें. धान्य आधींच भाजलेलें असल्यानें कच्चेपणा राहत नाहीं, आणि मसाला वेगळा घालावा लागत नाहीं. ज्या मुलानें हैदराबादेंत दोन वर्षें ग्रेव्ही ढवळली त्यानें हा प्रयोग गेल्या आठवड्यांत मिशनच्या चुलीवर करून पाहिला, आणि पातेलें पुसून खाल्लें. त्याच्या आईनें मात्र आम्हांस हळूच विचारलें, "फादर, पाहुण्यांपुढें येसूर ठेवायचा?"

या प्रश्नांत पिढ्यांची लाज आहे, व ती आम्ही जाणतों. मांस खाणाऱ्या गरीब घरांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें, आणि त्यांच्या ताटालाही बाहेर ठेविलें. तेल-तूप ज्यांस परवडत नव्हतें त्यांनीं मीठ, मिरची, कांदा व भाजलेलें धान्य यांवर मांस रुचकर केलें. मिळालें तें एकदम संपत नसे म्हणून त्याच्या चान्या करून वलणीवर वाळविल्या. ही विद्या होती. पण ती लिहून ठेवण्यास कोणास योग्य वाटली नाहीं. शाहू पाटोळे यांनीं मराठवाड्यांतील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध केलें, आणि २०२४ मध्यें तें इंग्रजींतही आलें. ज्या पाककृति आपल्या आयांनीं पाहुणा आला म्हणजे झांकून ठेविल्या, त्या आज दूरदेशींचे लोक पैसे देऊन वाचतात. तेव्हां त्या माउलीस आम्हीं उत्तर दिलें कीं, येसूर ठेवावयाचा, आणि तो मध्यभागीं ठेवावयाचा. चर्चचे रेक्टर असोत कीं बिशप असोत, त्यांनाही तोच वाढावयाचा.

ठेच्याविषयीं येथें शिकवूं पाहणें म्हणजे बेडकास पोहणें शिकविणें होय. एवढेंच सांगतों कीं दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत, जेथें स्टेक हें रोजचें अन्न आहे, तेथें त्याबरोबर चिमिचुरी नांवाची हिरवी चटणी वाढतात: कोथिंबिरीच्या जातीचा एक पाला, लसूण, मिरची, सिरका आणि तेल. आपल्या ठेच्याची ती थोरली नाहीं, धाकटी बहीण शोभेल. मिरची-लसूण तव्यावर चांगले डाग पडेपर्यंत भाजावे, जाड्या मिठानें खलबत्त्यांत ठेचावे, मिक्सरमध्यें फिरवून त्याचा चिखल करूं नये. यांतलाच थोडा ठेचा, चिरलेली कोथिंबीर व लिंबू घरच्या ताज्या लोण्यांत कालवून त्याचे गोळे गार पाण्यांत टाकून ठेवावे, व वाढतेवेळीं एकेक गोळा गरम कापावर ठेवावा. फ्रेंच लोक हेंच अजमोद्याच्या पाल्यानें करितात व त्यास मोठें लांबलचक नांव देतात. एक सावधगिरी: तेलांत बुडविलेला कच्चा लसूण बाहेर ठेवूं नये, त्यांत न दिसणारें, न वास येणारें घातक विष तयार होऊं शकतें. ठेचा आदल्या रात्रीं करून शीतकपाटांत ठेवावा, त्याच्या आधीं नाहीं.

आंबटांत चिंचेनंतर मान अंबाडीचा. आपल्या पूर्वेस तेलंगणांत गोंगुरा म्हणून हीच भाजी मांसांत घालतात व तिची कीर्ति मोठी आहे. आपण मात्र ती कण्या घालून शिजवितों आणि गरिबाची भाजी म्हणून सोडून देतों. लाल अंबाडीचीं वाळविलेलीं बोंडें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं भिजवून, गूळ, मीठ व तांबडें तिखट घालून शिजवावीं आणि घोटावीं. माणकासारखा रंग येतो. उत्तर युरोपांत तांबड्या आंबट रानफळांचा मुरंबा मांसाबरोबर खातात, तो असाच लागतो. कवठाची गुळाची चटणीही त्याच जातीची. झाडें आपल्याकडे आहेत, फळें पिकली असल्यास अवश्य करावी.

आणि हळद. फेब्रुवारीच्या आरंभीं आपल्या जिल्ह्यांत वसमतच्या बाजूस हळदीची काढणी चालूं असते. २०२४ मध्यें त्या हळदीसही भौगोलिक मानांकन मिळालें. आपण तिला उकडून, वाळवून, पॉलिश करून बाजारांत धाडतों, परंतु ओल्या हळदीचें लोणचें किती घरांत होतें? ओली हळद व आलें किसून, हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मीठ व भरपूर लिंबाचा रस घालून दोन दिवस ठेवावें. तेलही लागत नाहीं. मांसाच्या घासानंतर जीभ स्वच्छ करावयास याहून उत्तम कांहीं आम्हांस माहीत नाहीं. हात पिवळे होतील, तें सहन करावें.

पोटभरीच्या पदार्थांविषयीं थोडक्यांत: बटाटे उकडून, फोडून, तव्यावर खरपूस करावे, विलायती रीत म्हणून तेवढें पुरे. वांग्याचें भरीत, फोडलेला कांदा, पातीचा कांदा, जवसाची कोरडी चटणी, दह्यांतली काकडी, आणि ज्वारीची भाकरी. पाव आणूं नये.

आतां शेवटची व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची बाब. त्या दिवशीं आपल्या पंगतीस आपले शेजारी येणार आहेत. आपण औंढा नागनाथाच्या व संत नामदेवांच्या नरसीच्या जिल्ह्यांत राहतों. त्या पाहुण्यांत माळकरी असतील, मांस न खाणारे असतील. मांसाचें पातेलें त्यांच्यापासून दूर राहील हें खरें. पण डावी बाजू सर्वांची एक असूं शकते. भाकरी, भरीत, ठेचा, अंबाडी, हळदीचें लोणचें, चिंचेचा सॉस, हीं सर्व निर्मळ शाकाहारी आहेत, आणि आपण जें खातों तेंच त्यांच्या पानांत पडूं शकतें. येथें बाटलीचा दोष पुरता उघड होतो. त्या प्रसिद्ध सॉसांत खारे मासे असतात, हें आम्हीं वर सांगितलेंच. आपणांस शुक्रवारींदेखील मासा चालतो म्हणून आपल्या लक्षांत येणार नाहीं. पण माळकऱ्याच्या पानांत तो शिंपडला गेला तर त्याचा विश्वास आपण मोडला असें होईल, आणि त्यास तें कळलें नाहीं म्हणून तें लहान होत नाहीं. आपल्या सॉसांत मासा नाहीं, आणि तो कोणीं सुचवूंही नये. तव्यावरील रसाचा येसूर मात्र मांसाच्या पंगतीपुरताच. दुसऱ्या पंगतीकरितां येसराची साधी आमटी वेगळ्या चुलीवर होईल.

कामाची वांटणी अशी. चिंच व गूळ मिशनच्या कोठींतून मिळेल; सॉस येत्या शनिवारीं घालावा, म्हणजे मुरण्यास आठ दिवस राहतात. हळद वसमतकडील दोन कुटुंबांनीं कबूल केली आहे. लोणी व दहीं शनिवारीं सायंकाळपर्यंत यावें. मोहरी पंगतीच्या अर्धा तास आधीं फेसावयाची असल्यानें त्यास चौघी जणी मिस्सा संपतांच स्वयंपाकघरांत लागतील. त्यांनीं आपलीं नांवें आज सभा उठण्यापूर्वीं द्यावीं. शाकाहारी पंगतीचे डाव व वाट्या नव्या घेतल्या असून त्यांस पांढरा दोरा बांधला आहे. ते मांसाच्या बाजूस जाऊं नयेत, म्हणून त्यांची किल्ली त्याच येसराच्या माउलीकडे दिली आहे.